‘स्टेबल आहे’ म्हणजे नेमकं काय आहे?

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं ओव्हरक्लॉकिंगवर बोलावं, याचं काहींना नवल वाटलं असेल. पण या उद्योगात एक शब्द आहे, ज्याच्यावर सगळा डोलारा उभा आहे आणि ज्याची चौकशी मात्र फारसं कोणी करत नाही. तो शब्द म्हणजे ‘स्टेबल’. ‘पाच पॉइंट दोनला स्टेबल आहे’, ‘रॅम छत्तीसशेला स्टेबल आहे’. मुलं एकमेकांना सांगतात, व्हिडिओवाले सगळ्यांना सांगतात. आज आम्हाला या विधानाची समीक्षा करायची आहे.

आधी थोडं यंत्राविषयी, कारण ते न कळता शब्दावर बोलणं म्हणजे हवेत गोळ्या मारणं. प्रोसेसर एका ठोक्यावर चालतो. मूळ ठोका बहुधा शंभर मेगाहर्ट्‌झचा, त्याला मल्टिप्लायरनं गुणलं की वेग मिळतो. हा गुणक किंवा मूळ ठोका वाढवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याचा ६६ चा ठोका १०० वर नेला की तीनशेचा प्रोसेसर साडेचारशेवर पळायचा, आणि पुष्कळदा विनातक्रार पळायचा. स्वस्तातला माल महागाचं काम करतो हे तिथं लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि चटक लागली.

वेग वाढवला की बहुतेक वेळा व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हिशोब करून बघा. वेग दहा टक्के वाढवला, त्यासाठी व्होल्टेज दहा टक्के वाढवलं, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१. म्हणजे वेग दहा टक्के, उष्णता तेहतीस टक्के.

आता मुद्द्याचं. ठोका पडण्याआधी प्रत्येक संकेत आपल्या मुक्कामी पोचला पाहिजे. वेग फार वाढला तर एखादा संकेत उशिरा पोचतो, आणि त्या जागी जुनीच किंमत नोंदली जाते. शून्याच्या जागी एक, एकाच्या जागी शून्य. ही चूक पत्त्यात झाली, म्हणजे मेमरीतल्या कुठल्या जागेवर जायचं या आकड्यात झाली, तर प्रोग्रॅम भलतीकडे जातो आणि मशीन हँग होतं किंवा निळा पडदा दाखवतं. पण तीच चूक एखाद्या फोटोच्या रंगात झाली, किंवा पगारपत्रकातल्या रकमेत झाली, तर? मशीनला काहीच होत नाही. ते पुढे चालत राहतं, चुकीचं उत्तर घेऊन.

‘स्टेबल’ या शब्दाविषयी आमची पहिली हरकत इथं आहे. बोलणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ असतो ‘बंद पडत नाही’. ऐकणारा घेतो ‘बरोबर चालतं’. ‘स्थिर’ हा आपला शब्दही इथं अपुराच. रामकुंडाजवळची दगडी पायरी स्थिर असते, म्हणून तिला आपण हिशोब करायला सांगत नाही! आमच्या मते बंद पडणारं मशीन त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणायला हवं. ते निदान कबूल तरी करतं.

आपल्याकडे हा वाद फार जुना आहे. ज्ञान खरं आहे हे कळतं कशावरून? मीमांसक म्हणतात, ज्ञानाचं प्रामाण्य स्वतःच असतं. बाधक काही पुढे आलं, तरच ते खोटं ठरवायचं. नैयायिक म्हणतात, तसं नाही, प्रामाण्य बाहेरून ठरतं. दूरवर पाणी दिसलं, चालत गेलात, प्यायलात, तहान भागली, तेव्हा ते पाणी खरं. आता आमचा ओव्हरक्लॉकर वृत्तीनं मीमांसक असतो. दोन आठवडे गेम खेळला, काही बिघडलं नाही, म्हणजे स्टेबल. पण मीमांसकाच्या भूमिकेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. बाधक असेल तर ते कधीतरी पुढे येईल. न सांगता चुकणाऱ्या रॅममध्ये ते पुढे येतच नाही. अल्बममधला एक फोटो खालच्या अर्ध्यात राखाडी झालेला सहा वर्षांनी सापडतो, आणि तोवर बॅकअपमध्येही तोच गेलेला असतो.

यावर जाणकार म्हणतील, आम्ही टेस्ट लावतो. प्राइम नाइन्टीफाइव्ह लावतो, मेमटेस्ट लावतो, नैयायिकासारखं बाहेरून तपासतो. चांगलं आहे. पण प्राइम नाइन्टीफाइव्हचं मूळ काय आहे तेही पाहा. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली मर्सेन जातीच्या मूळ संख्या शोधण्याचा एक सामूहिक प्रकल्प सुरू केला. जगभरच्या लोकांच्या संगणकांवर प्रचंड गणितं चालवायची, आणि त्यात एक बिट जरी चुकला तरी आठवड्यांची मेहनत वाया. म्हणून त्या प्रोग्रॅममध्ये मशीन पिळून बघणारी चाचणी आहे, ती माहीत असलेल्या उत्तरांशी आपलं उत्तर ताडून पाहते. ओव्हरक्लॉकरांनी ती उचलली. पण त्या प्रकल्पाची दुसरी सवय मात्र त्यांनी उचलली नाही. तिथं एका मशीननं ‘ही संख्या मूळ नाही’ असं सांगितलं, तर वर्षानुवर्षं पद्धत ही होती की तेच गणित दुसऱ्यांदा स्वतंत्रपणे करायचं आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच नोंद पक्की करायची. चाचणी पास झालेल्या मशीनवरही ज्यांनी पूर्ण विश्वास टाकला नाही, त्यांचीच चाचणी पास झाली म्हणून आपण निर्धास्त होतो, ही मोठी गंमत आहे.

शिवाय चाचणी एकाच प्रकारचा ताण देते. चोवीस तास सगळे कोअर तापवून मशीन पास होतं, आणि रात्री काही चालू नसताना आपोआप रिस्टार्ट होतं. कारण हलक्या कामाला प्रोसेसर वेगळ्या व्होल्टेजवर, वेगळ्या वेगानं चालतो. ती जागा चाचणीनं पाहिलेलीच नसते.

आणि आता नाशिक. या व्हिडिओंमध्ये खोलीचं तापमान सांगितलं तर सांगतात, बहुधा एसी लावलेल्या खोलीचं. आपल्या जिल्ह्यात निफाडला थंडीत पारा पाच अंशांच्याही खाली जातो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. एप्रिल-मेमध्ये हाच पारा चाळिशी ओलांडतो. कूलर काही बर्फ तयार करत नाही, तो प्रोसेसरची उष्णता खोलीतल्या हवेला देतो, एवढंच. खोली पंधरा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो.

मेमरीचं तर विचारूच नका. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक अतिसूक्ष्म कपॅसिटर. त्यातला भार सतत गळत असतो, म्हणून तो पुन्हापुन्हा भरावा लागतो, याला रिफ्रेश म्हणतात. डीडीआर-फोरमध्ये प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा रिफ्रेश व्हावी असा दंडक आहे, आणि चिप ८५ अंशांच्या वर गेली तर त्याच्या निम्म्या वेळात. कारण उष्णतेत गळती वाढते. आता हौशी लोक काय करतात? रिफ्रेशमधलं अंतर वाढवतात, कारण तेवढा वेळ रॅम कामाला मोकळी राहते. डिसेंबरात सगळं छान. मे महिन्यात दुपारी लाइट जाऊन आल्यावर, बंद खोलीत, तीच रॅम विसरू लागते. म्हणून ‘स्टेबल आहे’ या वाक्याला तारीख हवी, खोलीचं तापमान हवं, आणि कोणत्या कामासाठी तेही हवं. याशिवाय ते वाक्य अर्धवट आहे.

इथं कोणी म्हणेल, आम्ही या भानगडीत नाही, आम्ही ओव्हरक्लॉक करतच नाही. जरा थांबा. दुकानातून मशीन जोडून घेताना ‘एक्सएमपी ऑन करून देतो’ असं सांगितलं जातं ना? रॅमच्या पाकिटावर जो मोठा आकडा असतो, तो पुष्कळदा त्या प्रोफाइलचा असतो, आणि ते प्रोफाइल चालू करणं हे इंटेलच्या स्वतःच्या हिशोबानंही ओव्हरक्लॉकिंगच आहे. फायदा खरा आहे, नाही म्हणत नाही. २१३३ ला पंधरा ठोक्यांची लेटन्सी म्हणजे सुमारे चौदा नॅनोसेकंद, ३२०० ला सोळा ठोक्यांची म्हणजे बरोबर दहा. पण माणसानं आपण काय करतो आहोत हे जाणून करावं.

वेगासाठी अचूकतेत थोडी सूट घेणं हे पाप नव्हे, हेही सांगायला हवं. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली ‘ग्रहलाघव’ रचलं, तेव्हा ज्या-चापांची किचकट आकडेमोड काढून टाकून ग्रहगणित हलकं केलं. महाराष्ट्रातली पंचांगं पुढे शतकानुशतकं त्यावर चालली. त्या गणितात जी तूट साचत गेली ती लपली मात्र नाही, कारण वर आकाश होतं. गणित आणि दर्शन जुळेना, तेव्हा केरो लक्ष्मण छत्र्यांपासून लोकमान्यांपर्यंत लोक पंचांगशुद्धीसाठी उभे राहिले. दृक्‌प्रत्यय म्हणतात तो हाच. आपल्या हार्डडिस्कवरच्या फायलींना असं आकाश नाही.

आता कळस बघा. गेल्या काही वर्षांत कारखान्यानंच प्रोसेसर टोकाला नेऊन विकायला सुरुवात केली. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर २०२४ मध्ये लोकांच्या घरी गडबडू लागले. गेम सुरू करताना ‘व्हिडिओ मेमरी पुरेशी नाही’ असा संदेश यायचा, लोक बिचारे ग्राफिक्स कार्ड बदलत बसले. दोष प्रोसेसरचा होता. आधी बोट मदरबोर्डच्या सेटिंगकडे गेलं, मग इंटेलनं सांगितलं की मायक्रोकोड चुकीचं, जास्तीचं व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण ज्या चिपला इजा झाली होती, ती दुरुस्तीनं भरून येणारी नव्हती. विकत घेतलं त्या दिवशी ते प्रोसेसर प्रत्येक चाचणी पास झाले असते. म्हणजे मघाच्या वाक्याला चिपचं वयही जोडायला हवं.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे, तो घेऊन थांबतो. लग्नाचे फोटो काढणारे एक गृहस्थ विचारतात, ‘एडिटिंगला वेग तर हवाच, मग करू काय?’ गेमसाठी वेगळं मशीन असेल तर त्यावर खुशाल करा, तिथं चूक झाली तर एक डाव जाईल. ज्या मशीनवर लोकांचे मूळ फोटो उतरतात, ते कंपनीच्या वेगावरच ठेवा, जमलं तर चूक पकडणारी ईसीसी रॅम घाला. डीडीआर-फाइव्हच्या चिपमध्ये तशी सोय असते खरी, पण ती चिपच्या आतपुरती, प्रोसेसरकडे जाताना बिट बिघडला तर तिला पत्ता नसतो. आणि कार्डवरून फाइल उतरवली की चेकसम काढता ना, तो उतरवलेल्या प्रतीवरून काढू नका. बिघडलेल्या फायलीचाही चेकसम बरोबरच येतो. कार्ड दुसऱ्या लॅपटॉपला लावा, चेकसम तिथं काढा, आणि मग जुळवा. जुळेपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका.