फितुरी कुणाची चाल?

‘फायर इन द लेक’ हा व्हिएतनामवरचा युद्धखेळ आम्हाला एका बाबतीत खरा वाटतो: अमेरिका आणि सायगावचं सरकार दोस्त, पण दोघांचं जिंकण्याचं गणित वेगळं. घोडं अडतं ते स्थानिक शिपायापाशी. सरकारी सोंगटी फितते, पण व्हिएतकाँगची चाल म्हणून. तिला स्वतःचं मन नाही.

आता आपल्या मनमाडशेजारचा खानदेश बघा. १८२५ मध्ये आउट्रमने बंडखोर भिल्लांमधूनच पलटण उभारली. पुढे खाज्या नाईकांनी इंग्रजांसाठी सेंधव्याचा घाट राखला, तुरुंग भोगला, पुन्हा नोकरी धरली आणि १८५७ मध्ये बंड केलं. निर्णय त्यांचा होता. असा निर्णय खेळात मावत नाही, तोवर दोस्त फौज म्हणजे नुसत्या सोंगट्याच.