‘म्हणे’, ‘चर्चा आहे’ आणि ‘मी’: चित्रपटवार्तेच्या भाषेविषयी

नटनटींचे रूप आणि त्यांना मिळणाऱ्या भूमिका यांविषयीच्या वदंता हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय व्हावा, हे अनेकांना रुचणार नाही. परंतु वदंता ही प्रथमतः एक भाषिक रचना असते, आणि मराठीने तिच्यासाठी एक स्वतंत्र अव्ययच राखून ठेवले आहे. ‘म्हणे’ हे ते अव्यय होय.

‘तिने म्हणे नाक नीट करून घेतले’, ‘ती भूमिका म्हणे आधी दुसरीला देऊ केली होती’ ही वाक्ये पाहावीत. ‘म्हणणे’ या धातूचे हे रूप येथे पुरुष, लिंग वा वचन यांनी विकार पावत नाही. म्हणणारा कोण, हे ते सांगत नाही. मात्र ‘हे मी पाहिलेले नव्हे, ऐकलेले आहे’ एवढी कबुली देते. वाक्यारंभी येऊन ते अविश्वासही दर्शविते: ‘म्हणे मोठी नटी!’ भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावी मराठी, उर्दू आणि तेलुगू शेजारी शेजारी नांदतात. तीच वार्ता उर्दूत ‘सुना है’ने आरंभते, तर तेलुगूत क्रियापदास लागणाऱ्या ‘अट’ने संपते. भाषा निरनिराळ्या असल्या तरी सावधगिरी एकच आहे.

छापील चित्रपटवार्तेत मात्र ‘चर्चा आहे’, ‘बोलले जाते’ अशा रचना आढळतात. वरवर पाहता हे ‘म्हणे’चेच शिष्ट रूप वाटेल, पण तसे ते नाही. ‘चर्चा आहे’ हे स्वयंपूर्ण आणि बहुधा खरे विधान असते. चर्चा नसली, तरी छापल्याने ती होते. नाकाविषयीच्या विधानाची जबाबदारी मात्र कोणावरच राहत नाही. अशा रीतीने संशयदर्शक अव्यय जाऊन त्याच्या जागी प्रमाणाचा आभास येतो.

ज्यांच्याविषयी असे बोलले गेले, त्यांचे लेखन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ‘फरेबी जाल’ (१९३१) मधील छोट्याशा भूमिकेवरून दुर्गाबाई खोटे यांना लोकनिंदा सोसावी लागली. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘मी, दुर्गा खोटे’ (१९८२). शांता आपटे यांनी १९३९ मध्ये पुण्यास प्रभात स्टुडिओच्या दाराशी उपोषण केले. पुढील वर्षी त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ प्रसिद्ध झाले. हंसा वाडकर यांनी अरुण साधू यांना सांगितलेले ‘सांगत्ये ऐका’ १९७० मध्ये पुस्तकरूपाने आले. या तिन्ही शीर्षकांत प्रथमपुरुष आहे. ‘सांगत्ये’ या रूपातून बोलणारी स्त्री आहे हे कळते, आणि शेजारच्या ‘ऐका’मुळे ती स्वतःच बोलत आहे हे निश्चित होते. हे शीर्षक मुळात हंसाबाईंच्या १९५९ मधील चित्रपटाचे. पुस्तकात ते वाक्य त्यांच्या स्वतःच्या तोंडचे झाले. लीला चिटणीस यांच्या ‘चंदेरी दुनियेत’ (१९८१) या शीर्षकात प्रथमपुरुष नाही. तेव्हा हा नियम नव्हे, प्रवृत्ती होय. तरीही, जिच्यात म्हणणारा सापडत नाही अशा रचनेला हे व्याकरणातूनच दिलेले उत्तर आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

चित्रपटवार्तेस नीतीचे पाठ देणे हे समीक्षेचे काम नव्हे. ऐकीव ते ऐकीव म्हणून छापावे, एवढीच अपेक्षा रास्त ठरेल. ‘म्हणे’ लिहावे, आणि कोण म्हणतो तेही लिहावे. जेथे दुसरे लिहिता येत नाही, तेथे पहिलेही न लिहिणे बरे.