सुखाचे गुण, पृथ्वीचे गुण : एका चाचणीची परीक्षा

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. 'आम्ही' म्हणण्याची खोड मास्तरकीतून आलेली आहे, ती आता सत्तरी उलटल्यावर जायची नाही. पण आजच्या व्याख्यानात हे 'आम्ही' खरोखरच अनेकवचनी आहे. चौल-रेवदंड्याकडची आम्ही सहा-सात निवृत्त माणसं दर रविवारी सकाळी जमतो. वर्तमानपत्र वाचतो, चहा पितो, भांडतो. मागच्या महिन्यात एकाच्या नातीनं फोनवर एक इंग्रजी चाचणी पाठवली. वीसएक प्रश्नांची उत्तरं द्यायची. मग तुम्ही किती सुखी आहात आणि पृथ्वीवर तुमचा भार किती पडतो, हे दोन्ही एकदम कळतं. चाचणीचं नाव घेत नाही. अशा बऱ्याच आहेत आणि सगळ्यांची जात एकच. पुस्तकाचं परीक्षण करतात तसं आज तिचं परीक्षण करायचं आहे.

या चाचण्यांचं कूळ आधी पाहू. 2006 साली लंडनच्या न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशननं 'हॅपी प्लॅनेट इंडेक्स' काढला. कल्पना सोपी आणि खरं सांगायचं तर धाडसी होती. देशाचं मोठेपण उत्पन्नावर मोजू नका. लोक किती वर्षं जगतात, आयुष्याबद्दल किती समाधानी आहेत, आणि त्यासाठी निसर्गाचा किती भाग खर्ची घालतात, ते पाहा. आयुर्मान आणि समाधान यांचा गुणाकार वर, निसर्गावरचा भार खाली. या हिशेबात श्रीमंत देश मागे पडले आणि पहिल्या वर्षी व्हानुआतू नावाचा पॅसिफिकमधला लहानसा द्वीपदेश पहिला आला. पुढे 2009, 2012 आणि 2016 मध्ये कोस्टारिका. हे नाव ध्यानात ठेवा, व्हानुआतू. त्याच्याकडे परत यायचं आहे.

देशासाठी केलेलं माप मग माणसाला लावलं गेलं. आमच्या हाती आली ती ही वैयक्तिक आवृत्ती.

पहिला प्रश्न असा : एकंदरीत आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? शून्य ते दहा. ही दहा पायऱ्यांची शिडी हॅडली कँट्रिल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. त्यानं 1960च्या सुमारास अनेक देशांत ती वापरली, त्यात भारतही होता. आमच्यापैकी पाच जणांनी 'आठ' लिहिलं. दोघांनी 'सात'. त्यातले एक प्रस्तुत वक्ते. म्हटलं, पाच जण एकसारखे सुखी कसे? तेव्हा एक जण म्हणाले, ''अहो, कमी लिहायला लाज वाटते. सगळं असून रडतो म्हणतील.''

इथे पहिली फट दिसते. मराठीत 'समाधान' ही नुसती मनाची अवस्था नाही, ती शिस्त आहे. समाधानी असणं हा आपल्याकडे गुण मानला जातो. ''कसं काय चाललंय?'' या प्रश्नाला ''बरं चाललंय'' हे उत्तर देणं हा शिष्टाचार आहे, मोजमाप नव्हे. पाहुण्याला जेवायला वाढताना आपण कोठीतला तांदूळ किती उरलाय ते सांगत नाही, तसंच हे. समर्थांनी मनाच्या श्लोकांत सर्वस्वी सुखी कोण, असा प्रश्न विचारला तो मनाला, आणि त्याचं उत्तरही मनानंच शोधायचं होतं. ज्या शिवथरघळीत दासबोध सांगितला असं मानतात ती आपल्याच जिल्ह्यात, महाडकडे. तिथे अंकांची शिडी नव्हती.

आपल्या अलिबागेत चुंबकीय वेधशाळा आहे. ती आधी कुलाब्याला होती. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या विजेनं सूक्ष्म उपकरणं बिघडतील म्हणून 1904 मध्ये ती इकडे आणली. मोजणाऱ्यांना माहीत होतं की काटा हलतो तो दर वेळी पृथ्वीमुळेच हलतो असं नाही, शेजारून ट्राम गेली तरी हलतो. सुखाच्या शिडीला ही दक्षता कोण घेतो? विचारणारा कोण, कोणत्या भाषेत विचारलं, घरात आज काय झालं, या सगळ्या ट्रामच आहेत.

आता दुसरा प्रयोग. आम्ही ही चाचणी एका कोळीणबाईंना वाचून दाखवली. वय साठीच्या पुढे, आमच्याकडे वीस वर्षं मासळी देतात. आम्ही प्रश्न मराठीत केला. त्यांनी विचारलं, ''माजा का आमच्या घराचा?'' आम्ही म्हटलं, तुमचा एकटीचा. त्या हसल्या. ''मंग थांबा. आधी होरी बंदराला लागूंदे, मंग सांगीन.''

मंडळी, आम्ही तत्त्वज्ञान शिकवण्यात उभं आयुष्य घालवलं, पण चाचणीवर याहून नेमकी टीका आम्हाला सुचली नसती. एक, सुखाचा मालक कोण, हेच ठरलेलं नाही. दोन, मुलगा समुद्रात असताना आईच्या सुखाला आकडा लावता येत नाही. बेंथमनं 1789 मध्ये सुख मोजायचे सात निकष सांगितले : तीव्रता, टिकाऊपणा, खात्री, जवळीक, त्यातून पुढे आणखी सुख निपजण्याची शक्यता, निर्भेळपणा आणि सातवा विस्तार, म्हणजे ते सुख किती जणांपर्यंत पोचतं. बेंथमला आपण रुक्ष हिशेबनीस म्हणून नावं ठेवतो, पण त्याच्या वहीत सातवा रकाना होता. या चाचणीत तो नाही.

होडी आली. बाईंनी 'आठ' सांगितलं. मग पुढचे प्रश्न. विमान? नाही. गाडी? नाही. घर? दोन खोल्या, माणसं सात. एसी? नाही. मासे-मांस? रोज. इथे त्यांचे गुण कापले गेले! डोलीच्या जाळ्यात आलेला बोंबील आणि मोठ्या ट्रॉलरनं समुद्राचा तळ खरवडून आणलेली मासळी, चाचणीला दोन्ही सारखीच. होडीला डिझेल लागतं, पण ते विचारलंच नाही. तो धंद्याचा खर्च, जगण्याचा नव्हे, असं चाचणी लिहिणाऱ्याला वाटलं असावं. शेवटी निकाल हिरवा आला. अभिनंदन, सगळे तुमच्यासारखे जगले तर एक पृथ्वी पुरेल. आम्ही वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, ''मंग बक्षीस काय?''

आम्हाला हसू आलं. नंतर हसू गेलं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आलं. बाईंच्या घराचे पत्रे उडाले. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनकडे नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारी लावली की फळ धरायला कित्येक वर्षं जातात, तेव्हा नुकसान एका हंगामाचं नव्हतं. एका वादळाचा दोष एका कारणावर टाकता येत नाही, हे आम्ही जाणतो. पण अरबी समुद्राचं पाणी तापतं आहे आणि इकडची तीव्र वादळं वाढली आहेत, हे अभ्यासक सांगत आहेत. म्हणजे ज्यांचा भार सर्वांत कमी त्यांच्याच डोक्यावरचे पत्रे आधी उडणार. चाचणी त्यांना शाबासकी देते. भरपाईचा शब्दही काढत नाही.

आता व्हानुआतू. 2006 साली सुखाच्या यादीत पहिला आलेला हा देश 2015 मध्ये पाम चक्रीवादळानं उद्ध्वस्त झाला. पुढे त्यानंच पुढाकार घेऊन 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव करवून घेतला आणि हवामानाचा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. 23 जुलै 2025 ला न्यायालयानं मत दिलं की हवामानाचं रक्षण ही राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी आहे आणि ती मोडल्यास भरपाईचाही प्रश्न येऊ शकतो. पहिला नंबर आलेल्या विद्यार्थ्याला फिर्याद घेऊन उभं राहावं लागलं! आमच्या कोळीणबाईंनी विचारलं तेच व्हानुआतूनं विचारलं.

मग चूक मापात आहे का? इथे जरा थांबू, कारण मापाच्या जनकांवर अन्याय नको. 'पदचिन्ह' किंवा 'फूटप्रिंट' ही कल्पना कॅनडातले विल्यम रीस आणि त्यांचे विद्यार्थी माथिस वाकरनागेल यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. रीस यांचा 1992चा मूळ प्रश्न शहराबद्दल होता : एखादं शहर आपल्या हद्दीबाहेरची किती जमीन, किती पाणी, किती जंगल खाऊन जगतं? पुढे हाच प्रश्न शहरावरून माणसावर आला. 2004च्या सुमारास बीपी या तेल कंपनीनं लोकांना स्वतःचं कार्बन पदचिन्ह मोजायचं गणकयंत्र दिलं. तेल काढणाऱ्यानं तेल जाळणाऱ्याच्या हातात आरसा दिला. आरसा खोटा नव्हता, पण तो कोणाकडे वळवला ते पाहा.

रीस यांचा मूळ प्रश्न आपल्या किनाऱ्याला विचारून बघू. मुंबईचं पाऊल रायगडात कुठे कुठे उमटलं आहे? न्हावा-शेव्याचं बंदर 1989 पासून देशभराचा माल हाताळतं. त्यासाठी उरणकडच्या माणसांनी भातखाचरं आणि मिठागरं दिली. थळचा खत कारखाना कुठल्या कुठल्या शेतांना खत पुरवतो. मांडव्याला बोट लागली की शनिवार-रविवारचे बंगले उघडतात. आमच्या ओळखीचा एक जण अशाच बंगल्याची राखण करतो. मागच्या एका खोलीत राहतो, तरण तलावाचा पंप रोज चालवतो, पाण्याचा टँकर मागवतो. चाचणीत त्याचा निकाल हिरवागार. आणि मालक? चाचणीनं त्याला 'तुमचं घर' एकवचनात विचारलं. तो मुंबईचा फ्लॅट सांगणार. बंगला कोणाच्याच खात्यात नाही!

उलट बाजूही आहे. आपल्याकडची खारजमीन ही बांधांमुळे शेती आहे. भरतीचं पाणी अडवणारे मातीचे बांध, पाणी सोडायच्या उघाड्या. पूर्वी गावंच्या गावं मिळून ते राखत. 1948चा आणि पुढे 1979चा खारजमिनीचा कायदा आला, सरकार मध्ये आलं, आणि बऱ्याच ठिकाणी गावाचा हात सैल पडला. बांध फुटला की खारं पाणी आत येतं, काही वर्षांत भाताच्या जागी कांदळवन. कांदळवन वाईट असं नव्हे, वादळात तेच किनारा धरतं, पण ज्याचं भात गेलं त्याला विचारा. आता जो माणूस चार दिवस चिखलात उभा राहून बांध घालतो, त्याला या चाचणीत किती गुण? शून्य. कापडी पिशवी नेणाऱ्याला मात्र मिळतात. पृथ्वीला न दुखावणं चाचणीला कळतं, तिला राखणं कळत नाही. हीच आमची मुख्य तक्रार. सुख आणि पृथ्वी, दोन्ही सामाईक गोष्टी; चाचणीनं दोन्हींची वाटणी करून प्रत्येकाच्या सातबाऱ्यावर एकेक तुकडा लिहून दिला.

आता प्रस्तुत वक्त्याचा निकाल. लाल. दरवर्षी अमेरिकेला एक फेरी, कारण मुलगा तिथे, नातू तिथे. चाचणीनं सल्ला दिला, विमानप्रवास कमी करा. रविवारच्या मंडळींनी टाळ्या पिटल्या. घरी येऊन पत्नीला सांगितलं. ती म्हणाली, ''सुखाच्या रकान्यात सात लिहिलेत ना? त्यातले चार त्या विमानातून येतात, हे लिहिलं का?'' आम्ही गप्प बसलो. अजूनही उत्तर सापडलेलं नाही. कारण विमानाचा धूर खरा आहे. नातू आहे म्हणून तो कमी होत नाही. चाचणीचं अंकगणित इथे बरोबर होतं आणि ते बोचलं, हे कबूल करायला हवं. यंदा तिकीट काढलेलं नाही. ते चाचणीमुळे की गुडघ्यांमुळे, हे आमचं आम्हालाच सांगता येत नाही, म्हणून त्याचं श्रेय घेत नाही.

समोरून प्रश्न आला आहे : ''सर, मग चाचणी द्यायचीच नाही का?''

द्या की. पण एकट्यानं फोनवर देऊ नका. घरात बसून, मोठ्यानं वाचून, सगळ्यांनी मिळून द्या. जमलं तर तुमच्या घरी मासळी देणाऱ्या, बंगला राखणाऱ्या माणसाबरोबर द्या. आणि आमचे तीन प्रश्न जोडा. तुमचं सुख कोणाच्या कामावर उभं आहे? तुमच्या वापराचा भार कोणाच्या दारात पडतो? आणि तुमच्या गावचा बांध, नदी, टेकडी, जे काय असेल ते, या वर्षी कोणी राखलं? यांना शून्य ते दहा उत्तरं नाहीत. नावं सांगावी लागतात.

आम्ही ते तीन प्रश्न रविवारी सोडवायला घेतले. पहिल्याला भराभर नावं आली. दुसऱ्याला जरा वेळ लागला. तिसऱ्याला आमच्या सात जणांत एकही नाव निघालं नाही. पावसाळ्याआधी बांधाकडे एक चक्कर मारायची ठरली आहे. काय दिसतं ते पुढच्या व्याख्यानात सांगू.