नायट्रो-संयुगांचे जिवाणूजन्य क्षपण : 'विघटन' या संज्ञेची चिकित्सा

दिघी येथे संरक्षण संशोधन व विकास संघटनेची अभियांत्रिकी आस्थापना आहे. नजीकच्या खडकीत 1869 पासूनचा दारूगोळा कारखाना आहे. या परिसरातील अभ्यासकांना टीएनटीचा नाश करणारे जिवाणू शोधण्याचा विषय सुचावा, हे स्वाभाविकच होय. मात्र या विषयावरील बऱ्याच लेखनात एक गृहीतक तपासाविना रूढ झालेले दिसते : द्रावणातील टीएनटी घटले, म्हणजे त्याचे विघटन झाले.

टीएनटीच्या वलयावरील तीन नायट्रो-गट इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतात. परिणामी ऑक्सिजनच्या साहाय्याने वलय फोडणारी जिवाणूंची नेहमीची विकरे येथे निष्प्रभ ठरतात आणि नायट्रो-रिडक्टेज पुढे येते. ई. कोलायमधील एनएफएसए व एनएफएसबी ही त्याची परिचित उदाहरणे. ही विकरे एफएमएनच्या आधारे दोन-दोन इलेक्ट्रॉन देतात. नायट्रो-गटाचा क्रमाने नायट्रोसो, हायड्रॉक्सिलअमिनो आणि अखेर अमिनो-गट होतो. वलय तसेच राहते. शिवाय एक गट क्षपित झाला की पुढचा अधिक कठीण जातो. तिन्ही गट क्षपित व्हावयास कडक ऑक्सिजनविरहित स्थिती लागते. मधल्या टप्प्यावरील पदार्थ हवेत परस्परांशी जोडले जाऊन अॅझॉक्सी-संयुगे बनतात. ती जिवाणूंना सहसा पचत नाहीत. उपकरणावरील टीएनटीचे शिखर मात्र तोवर दिसेनासे झालेले असते!

म्हणून क्षपण निरुपयोगी, असे म्हणणे अन्यायाचे होईल. निशिनो व स्पेन यांनी 1993 मध्ये वर्णिलेल्या स्यूडोमोनासमध्ये नायट्रोबेंझीनचे क्षपण हायड्रॉक्सिलअमिनो टप्प्यावरच थांबते. त्यापासून 2-अमिनोफिनॉल तयार होते आणि मग वलय फुटते. येथे क्षपण ही खऱ्या विघटनाची पहिली पायरी आहे. 1998 मध्ये फ्रेंच, निकलिन व ब्रूस यांनी एंटेरोबॅक्टर क्लोएकीतील पीईटीएन रिडक्टेज थेट वलयावर हायड्राइड चढवून टीएनटीतून नायट्राइट मुक्त करते, असे दाखविले. दोन्ही विकरे 'रिडक्टेज'च म्हणविली जातात, पण त्यांची कार्ये एक नव्हेत.

किरणोत्सारी कार्बन-14 ने अंकित टीएनटीपासून कार्बन डायऑक्साइड किती निघाला, हे मोजणे हाच निर्णायक पुरावा; तो प्रत्येक महाविद्यालयाच्या आवाक्यातला नाही. ग्रीस विक्रियकाचा गुलाबी रंग मात्र स्वस्त आहे. त्यावरूनही घाईने निष्कर्ष काढू नये, कारण नायट्रोजनासाठी भुकेलेले जिवाणू मुक्त झालेले नायट्राइट लगेच वापरून टाकतात.