सवलत आणि समता : ग्रामीण परिवहनासंबंधी एक विचार

राज्य परिवहनाच्या गाड्यांतून १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येऊ लागला. या योजनेस ‘महिला सन्मान’ असे नाव आहे. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही; शेतमजूर स्त्रीच्या पदरी त्यामुळे चार पैसे उरतात. परंतु प्रवासी स्त्रीला मिळालेली सवलत ही परिवहन-संस्थेतील समतेची खूण मानावयाची काय, हा प्रश्न निराळा आहे.

त्याची कसोटी मुक्कामी गाडीवर लागते. संध्याकाळी आगारातून निघावयाचे, आडगावी रात्र काढावयाची आणि पहाटे गावकऱ्यांना घेऊन परतावयाचे, ही एसटीची जुनी रीत. चालक-वाहकांनी गाडीत नाहीतर देवळात अंग टाकावे, हे तीत गृहीत आहे. म्हणजेच कर्मचारी पुरुष असणार, हेही गृहीत आहे. १९४८ साली सेवा सुरू झाली तेव्हा यात कोणास वावगे वाटले नसावे. पुढे स्त्रिया वाहक झाल्या, आणि २०२३ मध्ये चालकाच्या जागेवरही बसल्या. आता त्यांना मुक्कामातून वगळावे, की मुक्कामाच्या गावी कडीकुलपाची खोली व शौचगृह बांधावे? पहिला मार्ग स्वस्त आणि सहृदय दिसतो. पण वगळलेल्या स्त्रीचे काम सहकाऱ्यावर पडते, आणि ‘बायकांना हे झेपत नाही’ या समजुतीस आधार मिळतो. दुसरा मार्ग खर्चाचा खरा. मात्र त्याचा लाभ पुरुषासही होतो.

पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कारखानदारीत हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने दिसतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने स्त्रियांस रात्रपाळी वर्ज्य केली होती. महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीने ती सुरक्षिततेच्या अटींवर खुली केली. वाहतुकीची सोय ही त्यांतील एक अट. बंदीपेक्षा सोय श्रेयस्कर, हे तत्त्व येथे कायद्यानेच मान्य केले. पण कारखान्याची गाडी कारखान्याच्या कामगारापुरती. खेड तालुक्यातील वाडीवरून चाकणच्या बाजारात येणाऱ्या स्त्रीला सार्वजनिक गाडीचाच आधार; आणि तिच्या वेळेला गाडीच नसेल तर निम्मे भाडे तिच्या काय कामाचे?

तेव्हा या योजनेचे मूल्यमापन करताना विकलेल्या तिकिटांची संख्या पुरेशी नाही. आगारातील कामाच्या नेमणुका, मुक्कामाच्या जागा आणि फेऱ्यांच्या वेळा अभ्यासकाने पाहावयास हव्यात. सन्मानाचा खरा हिशेब तेथेच लागेल.