नटणे, चालणे, धावणे : तरुणीच्या दैनंदिन पोशाखाचे व व्यायामाचे समीक्षात्मक वाचन

प्रस्तावना

महाविद्यालयीन तरुणीचा पोशाख हा स्नेहसंमेलनातील विनोदाचा किंवा शिस्तपालन समितीच्या बैठकीचा विषय मानला जातो. समीक्षेचा विषय मात्र तो सहसा मानला जात नाही. तिची कुर्ती, तिचे बूट, तिची व्यायामशाळा, खाण्यापिण्याविषयीचे तिचे नवे नियम यांची चर्चा झालीच, तर ती दोन ठरावीक निष्कर्षांपाशी येऊन थांबते. पहिला निष्कर्ष असा की, हा सारा चंगळवाद असून जागतिकीकरणानंतरच्या बाजारपेठेने तरुणीला ग्राहक बनविले आहे. दुसरा निष्कर्ष असा की, हे तिच्या मुक्तीचे लक्षण आहे. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी त्यांची दृष्टी एकच आहे. दोहोंमध्ये तरुणीकडे बाहेरून पाहिले जाते आणि ती कशी दिसते यावरून तिच्या मनाविषयी निर्णय दिला जातो.

वस्त्र काय दाखवते, या प्रश्नाबरोबरच ते अंगावर असताना शरीराला काय करता येते, हा प्रश्न समीक्षेने विचारला पाहिजे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. चालणे, धावणे, वाहन चालविणे, उशिरापर्यंत बाहेर थांबणे, अनोळखी माणसांत निर्धास्तपणे वावरणे या क्रिया पोशाखाशी निगडित आहेत. या क्रियांच्या अंगाने पाहिले असता मराठी स्त्रियांची आत्मकथने आणि आजच्या तरुणीची नित्याची आवड यांच्यातील नाते स्पष्ट होते.

१) पादत्राणे, छत्री आणि लुगड्याचा काठ

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई जोशी यांनी पायांत पादत्राणे घालून व हातात छत्री घेऊन रस्त्याने जाण्याचे धाडस केले, तेव्हा त्यांच्यावर दगड मारले गेले, असा उल्लेख स्त्री-इतिहासाच्या लेखनात आढळतो. पादत्राणे आणि छत्री या वस्तूंमध्ये शृंगाराचा अंशही नाही. उन्हात व खडकाळ वाटेवर दूरवर जाता यावे एवढाच त्यांचा उपयोग. तरीही, किंवा नेमके त्यामुळेच, त्या वस्तू आक्षेपार्ह ठरल्या. समाजाचा रोख वस्तूच्या दिसण्यावर असल्याचे भासत होते. प्रत्यक्षात त्याला खुपत होते ते त्या वस्तूमुळे शक्य होणारे जाणे-येणे.

बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या आत्मकथनात याच प्रश्नाचे अधिक दाहक रूप आढळते. महार स्त्रियांना लुगड्याचा काठ उघडपणे दिसेल अशा रीतीने निऱ्या घालण्याची मुभा नव्हती; तो काठ निऱ्यांच्या आत दडवावा लागे. काठ मिरविण्याचा अधिकार वरच्या जातींतील स्त्रियांचा. बोटभर रुंदीची ती पट्टी स्त्रीची जात आणि तिची पायरी जाहीर करीत असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले, त्यात पेहरावाचा व दागिन्यांचा प्रश्न त्यांनी मुद्दाम घेतला. अस्पृश्यतेची खूण ठरणारी वस्त्रे नेसण्याची पद्धत व अंगावरचे जड दागिने सोडून द्यावेत, असे त्यांनी सांगितले. उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथाने आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा हा इतिहास नोंदविला आहे.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्यास ‘मुलींना कपड्यांचे फार वेड’ हे विधान किती उथळ आहे ते कळते. ज्या घरातील आजीला लुगड्याचा काठ लपवावा लागला, त्या घरातील नात महाविद्यालयात पहिल्या दिवशी नवा, इस्त्री केलेला पोशाख घालून येते, तेव्हा तिच्या आवडीला केवळ चंगळवाद म्हणणे म्हणजे तीन पिढ्यांचा इतिहास पुसून टाकणे होय.

२) कासोट्यापासून पंजाबी ड्रेसपर्यंत

नऊवारी लुगड्याचा कासोटा हा शरीराच्या हालचालीचा विचार करून घडलेला वस्त्रप्रकार होता. शेतात वाकून काम करणे, डोंगर चढणे, पाण्यात उतरणे त्यामुळे सुकर होई. विसाव्या शतकात शिक्षित मध्यमवर्गात गोल पातळ रूढ झाले. ते आधुनिकतेचे व सभ्यतेचे चिन्ह ठरले. परंतु पायांच्या मोकळेपणाच्या दृष्टीने हा बदल पुढे नेणारा होता असे म्हणता येत नाही. पुढे शहरांतून व नंतर तालुक्याच्या गावांतून पंजाबी ड्रेस आला आणि मुलींना सायकल व दुचाकी चालविणे अधिक सोयीचे झाले. सभ्यतेची खूण म्हणून ओढणी मात्र बराच काळ खांद्यावर राहिली. थोडक्यात, वस्त्राचा इतिहास हा ‘जुन्याकडून नव्याकडे’ असा सरळ रेषेत जात नाही. कधी दिसणे आधुनिक होते आणि हालचाल आखडते, तर कधी याच्या उलट घडते.

गुढीपाडव्याच्या शोभायात्रा हे या संदर्भातील बोलके उदाहरण होय. डोंबिवलीत १९९९ मध्ये सुरू झालेली ही प्रथा गिरगाव, ठाणे व इतर शहरांतही रुजली. नऊवारी नेसून, डोक्यावर फेटा बांधून, डोळ्यांवर गॉगल लावून मोटारसायकल चालविणाऱ्या तरुणींची छायाचित्रे दरवर्षी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होतात. त्यांपैकी अनेक नऊवारी आता शिवलेल्या असतात. या दृश्याकडे परंपरेचे प्रदर्शन म्हणून पाहता येते. परंतु ज्या रस्त्यावर एरवी सावधपणे चालावे लागते, तो रस्ता त्या सकाळी सन्मानाने मोकळा मिळतो, हाही त्या हौसेचा भाग आहे. मात्र हा मोकळेपणा परंपरेच्या नावाने व एका सकाळीपुरताच मिळतो. हीच तरुणी दुसऱ्या दिवशी रात्री दहा वाजता जीन्स घालून तीच मोटारसायकल चालवू लागली, तर तिला तीच दाद मिळेल का, हा प्रश्न शिल्लक राहतो.

३) श्रमाचे शरीर आणि व्यायामाचे शरीर

व्यायाम हा शब्द मराठी परंपरेत आखाडा, तालीम, जोर-बैठका यांच्याशी, पर्यायाने पुरुषाशी जोडला गेला. स्त्रीच्या वाट्याला आले ते श्रम. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) मध्ये डोक्यावर ओझी घेऊन, डोंगरवाट तुडवीत रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या कोकणातील स्त्रियांचे चित्र येते. त्यांच्या शरीरात ताकद होती, परंतु ती ताकद त्यांच्या स्वतःच्या मालकीची नव्हती. व्यायाम आणि श्रम यांतील खरा भेद येथे आहे. व्यायामात थकण्याचा निर्णय स्वतःचा असतो आणि मिळालेले बळही स्वतःसाठीच असते. म्हणूनच सकाळचा एक तास स्वतःच्या शरीरासाठी राखून ठेवणारी तरुणी काही अंशी नव्याच गोष्टीची मागणी करीत असते. घरातील पाणी, स्वयंपाक, धाकटी भावंडे यांच्या वेळापत्रकातून हा तास काढावा लागतो. तो कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही, यावर व्यायामाच्या आवडीचे वर्गीय व जातीय स्वरूप ठरते.

आयरिस मॅरियन यंग यांनी ‘थ्रोइंग लाइक अ गर्ल’ (१९८०) या निबंधात असे दाखविले आहे की, मुली चेंडू फेकताना संपूर्ण शरीर वापरत नाहीत, याचे कारण त्यांच्या शरीररचनेत नसून संगोपनात आहे. आपले शरीर कोणीतरी पाहत आहे, या जाणिवेमुळे मुलगी भोवतालची जागा पुरती वापरीत नाही. महाराष्ट्रातील धावपटूंकडे या दृष्टीने पाहता येईल. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. दुष्काळी माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचल्या व दहाव्या आल्या. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरील वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी त्यांच्या आधीची भारतीय स्त्री म्हणजे १९८४ मधील पी. टी. उषा. या यशाचा गौरव झाला. परंतु धावण्याच्या पोशाखात गावच्या रस्त्यावर उतरणे प्रत्येक मुलीला आजही सहज शक्य आहे, असे मात्र म्हणता येत नाही. पदक मिळाल्यावर जो पोशाख अभिमानाचा ठरतो, तोच पदकापूर्वी चर्चेचा असतो.

४) बाजारपेठ आणि मोजमापाची पट्टी

येथवरच्या विवेचनावरून बाजारपेठेवरील आक्षेप निराधार आहेत, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमचे नाव २०२० मध्ये बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ करण्यात आले. परंतु वधूसंशोधनातील ‘गोरी’ या शब्दाचे वजन नाव बदलल्याने कमी होत नाही. सुझन बोर्डो यांनी ‘अनबेअरेबल वेट’ (१९९३) मध्ये मांडल्याप्रमाणे, सडपातळ शरीर हे आत्मसंयमाचे प्रतीक बनते आणि उपभोगाचा आग्रह धरणारी संस्कृतीच त्याच वेळी संयमाचाही आग्रह धरते. एकाच मासिकाच्या एका पानावर केकची कृती आणि पुढच्या पानावर वजन घटविण्याचा उपाय असतो, तो योगायोग नव्हे.

सचिन कुंडलकर दिग्दर्शित ‘वजनदार’ (२०१६) हा मराठी चित्रपट या कोंडीला थेट भिडतो. पाचगणीतील दोन मैत्रिणी वजन कमी करण्याच्या खटपटीत आहेत. सई ताम्हणकर व प्रिया बापट यांनी त्या भूमिका केल्या आहेत. स्वतःला स्वीकारावे, हा चित्रपटाचा आशय स्वागतार्ह आहे. मात्र या भूमिकांसाठी दोघींनी वाढविलेल्या व नंतर घटविलेल्या वजनाचीही बातमी झाली. चित्रपट जी पट्टी मोडू पाहत होता, त्याच पट्टीने त्याच्या अभिनेत्री मोजल्या गेल्या. यावरून असे दिसते की, ‘स्वतःवर प्रेम करा’ हा उपदेश एकट्या तरुणीला करून भागत नाही. तिला मोजणारे कुटुंब, विवाहाचा बाजार आणि प्रसारमाध्यमे यांनाही प्रश्न विचारावा लागतो.

येथे एक आक्षेप संभवतो. वस्त्राने काय करता येते, हा निकष लावल्यास काजळ, झुमके, रंगीत ओढणी यांना अर्थच उरणार नाही. समीक्षा पुन्हा नीतिपाठ होईल. हा आक्षेप रास्त आहे. यंग यांनीच ‘विमेन रिकव्हरिंग अवर क्लोद्स’ या दुसऱ्या निबंधात वस्त्रांपासून स्त्रियांना मिळणाऱ्या तीन सुखांचा विचार केला आहे : स्पर्शाचे सुख, मैत्रिणींशी जुळणाऱ्या नात्याचे सुख आणि कल्पनेचे सुख. वसतिगृहात एकमेकींचे कानातले व कुर्त्या वापरणाऱ्या मुलींमधील देवघेव ही याच नात्याची खूण आहे. मराठीत ‘हौस’ असा एक सुंदर शब्द आहे. हौसेला उपयोगाचा पुरावा द्यावा लागत नाही. ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) मधून शिक्षित तरुणींच्या कोंडलेल्या इच्छांना वाचा फोडणाऱ्या विभावरी शिरूरकर, म्हणजेच मालतीबाई बेडेकर, यांनी बाळूताई खरे या पूर्वाश्रमीच्या नावाने ‘अलंकार-मंजूषा’ हा अलंकारविषयक ग्रंथही लिहिला होता. अलंकारांचा अभ्यास आणि स्त्रीच्या कोंडमाऱ्याची जाण एकाच लेखिकेच्या ठायी नांदू शकते, हे समीक्षेने विसरू नये.

५) स्कार्फ : एका वस्त्राचे वाचन

या सर्व मुद्द्यांचा प्रत्यय एका साध्या वस्त्रात येतो. पुण्यासारख्या शहरात दुचाकीवरून जाणाऱ्या तरुणी डोळे सोडून सारा चेहरा स्कार्फने बांधतात. अंगात सनकोट आणि हातांत मोजे असतात. ऊन, धूळ व धूर यांपासून रक्षण हा त्याचा उघड उपयोग. त्वचा काळवंडेल ही भीती हा त्याचा दुसरा अर्थ. येथे गोरेपणाची बाजारपेठ उपस्थित आहे. तिसरा अर्थ असा की, चेहरा झाकल्यामुळे नात्यागोत्यातील ओळखीच्या नजरांपासून सुटका होते आणि शहरात अनाम होऊन फिरता येते. एकच कापड बंधनाचे आणि मोकळिकीचे साधन एकाच वेळी होते. ‘चंगळवाद’ किंवा ‘मुक्ती’ यांपैकी एकच शिक्का त्यावर मारू गेल्यास उरलेले अर्थ निसटतात. शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ (२०११) या मुंबईविषयक ग्रंथात दाखविले आहे की, सार्वजनिक जागेत स्त्रीला आपल्या असण्याचे काही ना काही कारण सतत दाखवावे लागते. खांद्यावरची पिशवी, कानावरचा फोन यांप्रमाणे पायांतले धावण्याचे बूटही असे कारण पुरवितात. ‘व्यायामाला आले आहे’ असे म्हणता आले की पहाटेच्या रस्त्यावर उभे राहता येते. त्या बुटांची किंमत ठरविताना हेही जमेस धरावे लागते.

६) महाविद्यालयाची भूमिका

हा विचार वर्गाबाहेरचा नाही. अनेक महाविद्यालयांत वर्षातून एक दिवस ‘साडी डे’ उत्साहाने साजरा होतो आणि उरलेले दिवस पोशाखाविषयी सूचनाफलक लावले जातात. मुंबईतील एका महाविद्यालयाच्या पोशाखनियमांचा वाद २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये हिजाब, टोपी, बिल्ले यांवरील बंदीला न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली. पोशाखावर जेवढी चर्चा होते, त्यामानाने काही साधे प्रश्न मागे राहतात. जिमखान्यात मुलींसाठी राखलेली वेळ त्यांच्या तासिकांच्या वेळेशी जुळते का? मैदानाजवळ कपडे बदलण्यासाठी बंदिस्त खोली व स्वच्छतागृह आहे का? सरावानंतर सुटणारी शेवटची एस. टी. मुलींना मिळते का? या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर मुलींना खेळाची आवड नाही, हे विधान करण्याचा अधिकार संस्थेला उरत नाही.

अध्यापनातही बदल शक्य आहे. ‘जिणं आमुचं’ किंवा ‘आयदान’ शिकविताना वेदना व विद्रोह या शब्दांपाशी न थांबता लुगडे, काठ, ओझे, पायवाट यांकडे विद्यार्थिनींचे लक्ष वेधता येईल. स्वतःच्या आजीच्या, आईच्या व आपल्या पोशाखाची नोंद करण्याचा छोटा प्रकल्प दिला, तर आत्मकथनाचे वाचन आणि जगणे यांतील अंतर कमी होईल.

समारोप

तरुणीची वस्त्रांची, व्यायामाची व नीटनेटके राहण्याची आवड ही क्षुल्लक बाब नाही, तशी ती आपोआप मुक्तीही नाही. तिच्यात जातीचा इतिहास आहे, श्रमाचा वारसा आहे, बाजारपेठेचा दाब आहे आणि निखळ हौसही आहे. या चारही घटकांचा विचार करणारी समीक्षाच तिला न्याय देऊ शकेल. पोशाख पाहून निर्णय देण्यापूर्वी तो पोशाख घालून ती कुठे जाऊ शकते, किती वेळ थांबू शकते आणि तो खर्च व तो वेळ तिने कशातून काढला, हे विचारले जावे. काशीबाई आणि आनंदीबाई यांच्या छत्रीवर दगड फेकणाऱ्यांनी हे प्रश्न विचारले नव्हते. आजच्या अध्यापकवर्गाने तरी ते विचारले पाहिजेत.