परक्यांस सांगितलेला आपला देश

एकदां एका परदेशी प्राध्यापकांस पुणें दाखविण्याचा प्रसंग आम्हांवर आला. शनिवारवाडा, पर्वती, पाताळेश्वर हीं स्थळें आम्हीं मोठ्या उत्साहानें दाखविलीं. ज्या बोळांत आमचें बालपण गेलें, तो बोळ मात्र टाळून गाडी दुसऱ्या रस्त्यानें नेली. घरीं परतल्यावर या गोष्टीची आमची आम्हांसच लाज वाटली, आणि स्वदेशाची ओळख परक्यांस करून देणारीं कांहीं पुस्तकें पुन्हां काढून वाचलीं.

इनाझो नितोबे यांचें ‘बुशिडो’ हें इंग्रजी पुस्तक १९०० सालीं फिलाडेल्फियांत निघालें. तुमच्या शाळांत धर्मशिक्षण नाहीं, मग तुम्ही नीति शिकवितां तरी कशी, असें एका बेल्जियन पंडितानें त्यांस विचारिलें होतें; त्याचें हें उत्तर. पुस्तक सुबक खरें, परंतु लेखकाची नजर सारखी पाहुण्याच्या मुद्रेकडे. जपानी कल्पना मांडली, कीं तिला युरोपांतील जोड शोधलीच! शिवाय क्षात्रवर्गाचा आचार सबंध देशाचा आत्मा म्हणून पुढें येतो. त्या आचाराचें वळण सामान्य जनांस कसें लागलें हें ते सांगतात. तथापि भातशेतींत राबणारा शेतकरी स्वतः कोठें बोलत नाहीं. ओकाकुरा यांचें ‘बुक ऑफ टी’ (१९०६) आम्हांस अधिक रुचतें, कारण तेथें पाहुण्यास एक टोलाही बसतो. जपान शांततेच्या कलांत रमला होता तोंवर तो रानटी. मांचुरियाच्या रणांगणावर संहार करूं लागतांच सुसंस्कृत! रशियाशीं झालेलें युद्ध संपल्याच्या दुसऱ्याच वर्षीं हा उपरोध छापला गेला.

या दोघांच्याही आधीं, त्याच फिलाडेल्फियांत, १८८७ सालीं पंडिता रमाबाईंचें ‘हाय-कास्ट हिंदु वुमन’ प्रसिद्ध झालें होतें. त्यास प्रस्तावना आहे ती डॉ. आनंदीबाई जोशी ज्या वैद्यक महाविद्यालयांत शिकल्या, तेथील प्रमुख रेचल बॉडली यांची. रमाबाईंस अभिमानानें दाखवावें असें गांवच नव्हतें. १८५८ सालीं गंगामूळच्या अरण्यांत जन्म, बालपण तीर्थयात्रेंत, आईबाप दुष्काळांत गेलेले. त्यामुळें या पुस्तकांत वाडे नाहींत कीं घाट नाहींत. बालपण, विवाह, वैधव्य अशीं प्रकरणें आहेत. घरांतील सर्वांत अंधारी खोली त्यांनीं पाहुण्यांस आधीं उघडून दाखविली.

घरचीं लक्तरें वेशीवर टांगलीं, असा आक्षेप अशा पुस्तकावर ठेवलेलाच असतो, आणि तो अगदींच फोल आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. मनुस्मृतींतील वचनांवर रमाबाईंचा भर फार. ग्रंथांतील आज्ञा आणि घरोघरची वहिवाट यांत किती अंतर असतें, हें अमेरिकन वाचकास कळावें कसें? शीर्षकांत ‘उच्चवर्णीय’ हा शब्द आहे खरा. पण दूरच्या वाचकाच्या मनांत तो टिकत नाहीं, सगळा हिंदुस्थानच तसा ठरतो. शेवटीं द्रव्याची याचना असल्यानें सूरही करुणेकडे झुकतो. इतकें मान्य करूनही आमचें मत या पुस्तकाच्याच बाजूचें आहे. वाचकांची वाहवा मिळवून तें थांबलें नाहीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बॉस्टन येथें रमाबाईंच्या साह्यार्थ मंडळी स्थापन झाली, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत विधवांसाठीं शारदासदन उघडलें. अंधारी खोली दाखविली ती तींत खिडकी पाडण्याकरितां.

शिवाय रमाबाईंनीं हिशेब एकतर्फी ठेविला नाहीं. १८८९ सालींच त्यांनीं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हें पुस्तक मराठींत लिहून अमेरिकेची ओळख आपणांस करून दिली. स्तुति भरपूर आहे, पण तेथील मूळ रहिवाशांवर व काळ्या लोकांवर झालेला अन्याय त्यांनीं झांकला नाहीं. यजमानीणबाईंच्या घरांतील अंधारी खोलीही त्यांनीं पाहून ठेविली होती तर! आमचें वर्णन अमेरिकनांनीं १८८७ सालींच वाचलें. त्यांचें हें वर्णन मीरा कोसंबी यांच्या इंग्रजी भाषांतरानें त्यांच्या हातीं पडावयास २००३ साल उजाडावें लागलें.